दिवसाला चारशे रुपये

[पहाट. जांभ्याच्या पायऱ्या, कडेला ओलं शेवाळ. खाली रस्त्यावर कुणाचीतरी मोटरसायकल सुरू होते.]

ही आमची पाखाडी. घराच्या गडग्यापासून निघते आणि खाली डांबरी रस्त्याला लागते. पायऱ्या एकशे अकरा. जन्मापासून हिच्यावरनं ये-जा करतोय, पण पायऱ्या मोजल्या त्या गेल्या ऑक्टोबरात, एकेक पायरी उतरताना मांड्या नको म्हणत होत्या तेव्हा. शेवटी गडग्याला धरून कुर्लीसारखा आडवा उतरलो. वाटेत शेजारच्या काकी भेटल्या. म्हणाल्या, "पडलास काय रे?"

पडलो नव्हतो. जिमला गेलो होतो. कितीतरी महिन्यांनी.

[भिंतीवरची जुनी दिनदर्शिका. काही तारखांभोवती पेन्सिलीचे गोल.]

रत्नागिरीत जिम सुटायला कारण शोधावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आंबा. बागेत माणसं लावायची, पेट्या भरायच्या, ट्रान्सपोर्टच्या मागे धावायचं. जून लागला की पाऊस, तो असा की ओटीवरनं खाली पाय टाकवत नाही. मग गणपती. मुंबईची सगळी मंडळी घरात, दोन्ही वेळा पंगत. त्यातून सावरतोय तोवर दिवाळी, आणि फाल्गुनात शिमगा, ग्रामदेवतेची पालखी घरी यायची. मधले जे मोकळे आठवडे उरतात, त्यांत आपण ठरवत असतो की आता सुरू करू.

मी तसा ठरवण्यात पक्का. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका जिममध्ये वर्षाचे एकदम ७,२०० रुपये भरले, कारण एकदम भरले की दोन महिने फुकट होते. वर्ष संपल्यावर दिनदर्शिकेवरचे गोल, म्हणजे गेलो ते दिवस, मोजले. अठरा. म्हणजे दिवसाला चारशे रुपये. त्या पैशात मी मिरकरवाडा बंदरावर जाऊन घरच्या सगळ्यांना पुरतील एवढे बांगडे आणले असते. जिमवाल्याचा काही दोष नाही, त्याने दार रोज उघडलं होतं.

तेव्हापासून माझा हिशेब बदलला. महिन्याचे किती, वर्षाचे किती हे विचारायचं नाही. गेलो त्या दिवसाला किती पडले, ते बघायचं.

[कौलारू इमारत. आत ट्यूबलाइट, दोन पंखे, भिंतीला टेकवलेल्या लोखंडी प्लेटी.]

ही नवी जागा. नवी मला, इमारत जुनीच. आधी इथे गोदाम होतं. महिना सहाशे. आठवड्याला तीन दिवस गेलं तर महिन्याचे बारा, म्हणजे दिवसाला पन्नास. एसी नाही, आरसा एकच, तोही कोपऱ्यात काळवंडलेला.

जवळून बघा. ही वीस किलोची प्लेट. कडेला बोट फिरवलं की तांबूस पूड हाताला लागते. खारा वारा लोखंड खातो, आणि समुद्र इथून चालत दहा मिनिटांवर. दादा, म्हणजे जागेचे मालक, दर रविवारी पॉलिश पेपर घेऊन बसतात, घासतात, तेलाचा बोळा फिरवतात. सोमवारी चकचकीत, शनिवारपर्यंत पुन्हा तांबूस. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, गंजली म्हणून वीस किलोची एकोणीस होत नाही."

खरं आहे. स्वस्त जागेत गंज बघायचा तो प्लेटीवर नाही, केबलवर. पुलीच्या मशीनची दोरी जिथे चाकावरून वळते तिथे तिची एखादी तार सुटून वर आली असेल, तर त्या मशीनला हात लावू नये. सळईच्या टोकाला प्लेट अडकवायचा क्लिप धरतो का तेही बघावं. बाकी बाकाचा रेक्झिन फाटलेला आहे, पंखा कुरकुरतो, चालतं.

[बैठक मारणारे पाय. सळईवर मोजक्या प्लेटी.]

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला आठवत होतं की मी साठ किलो घेऊन बैठका मारायचो. मग साठच लावले. आठ मारल्या, छान वाटलं, अजून तीन फेऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी जरा अवघडलं. तिसऱ्या दिवशी ती पाखाडी. खंडानंतरच्या व्यायामाचं दुखणं असंच असतं, त्याच दिवशी नाही, चोवीस ते बहात्तर तासांच्या मध्ये कधीतरी टोकाला जातं. एकदम फार अंगावर घेतलं आणि लघवी काळपट तपकिरी झाली, तर मात्र तेल चोळत बसायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा.

शरीर सगळं विसरत नाही, ही चांगली बातमी आहे. ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की ताण पेलून वाढलेल्या स्नायूंत जी नवी केंद्रकं, म्हणजे पेशीचं कामकाज चालवणारे गाभे, येतात, ती स्नायू पुन्हा रोडावला तरी टिकून राहतात. माणसाचं गणित अजून पुरतं सुटलेलं नाही, पण जुना गडी नवख्यापेक्षा लवकर रुळतो हे कुठल्याही तालमीत विचारा. वांधा होतो तो सांध्यांचा. स्नायू महिन्याभरात जोर धरतात, कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, त्यांच्या मागून सावकाश येतात. म्हणून दादांनी मला निम्म्यावर आणलं. तीस किलो. जमलं तर पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढवायचे. तीस किलो उचलताना शेजारी कॉलेजातली पोरं ऐंशी उचलत असतात. ते बघून गप्प राहणं हाच पहिल्या महिन्यातला खरा व्यायाम.

[चिरेखाण. लालभडक भिंती, कापलेले चिरे रांगेत.]

वजन उचलायची रीत मी शिकलो ती इथे. आमच्याकडे बांधकामाला चिरे लागतात, ते बघायला खाणीवर गेलो होतो. एक चिरा अंदाजे तीस किलो. तिथला माणूस तो दिवसभर उचलतो. मी त्यांना विचारलं, कंबर कशी धरत नाही? ते म्हणाले, "लांबून उचलायचा नाय. आधी मांडीवर घ्यायचा."

नीट बघा. चिरा आधी कडेवर उभा करतात. मग गुडघे वाकवून त्याला मांडीशी ओढतात. मांडीवरून पोटाशी. मग उभे राहतात. अंगापासून वीतभरही लांब जाऊ देत नाहीत. जिममधला ट्रेनर डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरची सळई उचलून उभं राहणं, शिकवताना हेच सांगतो, सळई नडगीला घासत वर येऊ दे. फरक एवढाच की खाणीवरच्या माणसाला याचे पैसे मिळतात. आणि हो, तुम्ही-आम्ही पाहुण्यासारखे जाऊन तिथे चिरे उचलू नयेत, ओबडधोबड कडा बोट सोलते. माझं सोललं.

[अंगण. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या.]

पावसाच्या दिवसांसाठी हे. रंगाच्या दहा लिटरच्या बादल्या, आत बांधकामावरची उरलेली कोरडी वाळू. गच्च भरली की एकेक सोळा किलोच्या आसपास. किनाऱ्यावरची वाळू उचलून आणू नका. कायदा आहेच, शिवाय ती घरात कुबट वास मारते. कडीला जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळली, म्हणजे तळहात चिरत नाही. दोन्ही हातांत दोन घेऊन पडवीत येरझाऱ्या. दहा फेऱ्यांत मूठ सुटायला लागते. आई चुलीकडून बघते आणि म्हणते, "मेल्या, एवढंच आहे तर विहिरीवरनं दोन कळशा आण ना." आणतो. तेही मोजतो.

जिम नसते त्या दिवशी पाखाडी. खालून वर पाच वेळा. पावसाळ्यात शेवाळ असतं, तेव्हा नाही.

[पेजेचं भांडं. वाफ.]

खाण्याचं माझं घरातूनच कमी खर्चात भागतं हे माझं नशीब. प्रोटीनच्या डब्याला दोन-तीन हजार घालण्याआधी घरातला कुळीथ बघावा. शंभर ग्रॅम कुळथात साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा. कुळथाची पिठी आणि भात रात्री, सकाळी दोन अंडी, बांगडे-तारल्या स्वस्त असतील तेव्हा भरपूर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट आणि सोडे. फक्त खारवलेलं सुकं मीठ फार घेऊन येतं, ज्यांचं बीपी वर असतं त्यांनी धुऊन, जपून. आणि व्यायाम करून आलं की उकड्या तांदळाची पेज, वर चिमूटभर मीठ. पाणी, मीठ, पिष्ट, तिन्ही एका वाटीत. बाटलीतल्या निळ्या-हिरव्या पेयांपुढे मी पेजेच्याच बाजूने.

[जिम. फेब्रुवारीची संध्याकाळ. दादा बोळा घेऊन सळई पुसताहेत.]

ऑक्टोबरपासून गोल झालेत त्रेपन्न. बैठकांचं वजन पंचावन्नवर आलंय, साठ अजून नाही. मार्चचे सहाशे द्यायला गेलो तेव्हा दादांना आधीच सांगून टाकलं, शिमग्याला पाच दिवस येणार नाही, पालखी आहे.

ते सळई पुसतच म्हणाले, "ठीक. ते पाच दिवस एप्रिलमध्ये धरू."

"एप्रिलमध्ये आंबा आहे, दादा."

त्यांनी बोळा खांद्यावर टाकला. "मग पहाटे पाचला या. किल्ली देतो."