वाटणीपत्रावर सही करण्याआधी: एफडिस्कने हार्ड डिस्कचे भाग

[कॅमेऱ्यासमोर. हातात यूएसबी केसमधली जुनी हार्ड डिस्क.]

नमस्कार मंडळी! इंदूरहून बोलतोय. मध्येच कुकरची शिट्टी आली तर चालवून घ्या, आमच्या रामबागेतल्या घरात स्टुडिओ आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच पडदा आहे.

ही ५०० जीबीची डिस्क एका बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलीय. आज हिचे दोन भाग करू. एक १०० जीबीचा, उरलेलं सगळं दुसऱ्यात. लिनक्सवर, माउस बाजूला ठेवून, एफडिस्क नावाच्या आज्ञेने.

आधी एक सांगा, वाड्याची वाटणी होताना बघितलीय कधी? भाऊ-भाऊ बसतात, कागद होतो, माडी थोरल्याची, परसदार धाकट्याचं. सह्या होतात त्या दिवशी घरातलं एक पातेलंसुद्धा जागचं हलत नाही. डिस्कचंही तेच. पार्टिशन म्हणजे आत भिंत बांधणं नव्हे, नुसता कागद. १९८३पासून चालत आलेल्या एमबीआर पद्धतीत हा कागद डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे सगळ्यात पहिल्या छोट्या कप्प्यात असतो, अवघ्या ६४ बाइटचा! एका भागाला १६ बाइट, म्हणून चारच प्रायमरी भाग. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, काना-मात्रा वेगळी मोजून. म्हणजे ६४ बाइटमध्ये तुमचं नाव-आडनाव जेमतेम बसेल. तेवढ्यावर अख्ख्या डिस्कची मालकी ठरते.

हे मला कसं कळलं, तर घोळ घालून. आत्याच्या घरी विंडोजवर एक पेन ड्राइव्ह साफ करत होतो, डिस्कपार्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्क वाटायच्या साधनात. पेन ड्राइव्ह होता डिस्क २. मी टाईप केलं सिलेक्ट डिस्क १. मग क्लीन, म्हणजे वाटणीचा कागदच पुसून टाकणं. डिस्कपार्ट क्लीनला ‘नक्की का’ म्हणून विचारत नाही बरं का, करून मोकळं होतं. आणि डिस्क १ म्हणजे आत्याची बाहेरून जोडलेली ड्राइव्ह. बारा-पंधरा वर्षांचे फोटो, रंगपंचमीच्या गेरीपासून, म्हणजे आमच्या रंगांच्या मिरवणुकीपासून, नातीच्या बारशापर्यंत. आत्या पोह्यांवर शेव-जीरावण घालत होती, तिला पत्ताच नाही. माझ्या हाताला घाम!

फोटो परत मिळाले. टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कभर फिरून जुन्या भागांच्या खुणा शोधतं आणि कागद नव्याने लिहून देतं. मिळाले, कारण मी नंतर तिच्यावर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. कागद फाटला होता, सामान जागेवर होतं. फॉरमॅट करून वर सिनेमे भरले असते तर संपलंच होतं.

[स्क्रीन: टर्मिनल]

म्हणून पहिली आज्ञा एफडिस्क नाही. पहिली ही, एलएसबीएलके, जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी दाखवणारी. इथे एसडीए, एसडीबी अशी नावं दिसतायत. या नावांवर भरवसा ठेवू नका भिया! संगणक सुरू होताना जी डिस्क आधी सापडेल ती एसडीए, उद्या क्रम बदलू शकतो. बघायचा तो आकार आणि मॉडेल. माझी ही, ४६५.८ जी. दुकानदाराने फसवलं नाही, डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, एलएसबीएलके १०२४ ने मोजतं. मनात शंका असेल तर डिस्क काढा, आज्ञा पुन्हा द्या. जी ओळ गायब झाली ती तुमची.

डिस्क आपोआप माउंट झाली, म्हणजे वापरासाठी उघडली गेली असेल तर आधी यूमाउंट. स्पेलिंगमध्ये यू नंतर एन नाही, मी अजून चुकतो.

आता जुन्या कागदाची झेरॉक्स. एसएफडिस्क, डॅश डी, डिस्कचं नाव, आणि ते एका फाइलीत. साधी मजकुराची फाइल होते. ती याच डिस्कवर ठेवू नका, तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवल्यासारखं होईल.

आता सुडो, म्हणजे मालकाच्या अधिकाराने, एफडिस्क, पुढे डिस्कचं नाव. पी दाबा, सध्याची वाटणी दिसते. जी दाबा, नवा कोरा जीपीटी कागद. एमबीआर जुनं झालं. ५१२ बाइटच्या सेक्टरवर त्याची मोजदाद २ टीबीपाशी थांबते. जीपीटीत साधारण १२८ भागांची सोय असते, आणि कागदाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. ही मला फार आवडलेली गोष्ट.

एन दाबा, नवा भाग. नंबर, एंटर. पहिला सेक्टर तो २०४८ सुचवतो, एंटर. हा आकडा उगाच नाही, २०४८ सेक्टर म्हणजे बरोबर १ एमबी. पूर्वी ६३ पासून सुरुवात व्हायची, ती आताच्या ४०९६ बाइटच्या सेक्टरांशी जुळत नाही आणि लिहिणं मंदावतं. शेवटच्या सेक्टरला टाका, अधिक १०० जी. अधिकचं चिन्ह विसरून नुसतं १०० टाकलंत तर तो त्याला सेक्टरचा नंबर समजतो आणि नाकारतो. पुन्हा एन, आणि तीन वेळा एंटर, उरलेलं सगळं दुसऱ्या भागात.

मध्येच तो विचारेल, इथे जुन्या फाइल सिस्टिमची, म्हणजे फाइली मांडायच्या जुन्या रचनेची खूण आहे, पुसू का? रिकामी डिस्क असेल तर हो. पण फाटलेला कागद पुन्हा जोडायला बसला असाल तर नाही, त्रिवार नाही.

[कॅमेऱ्याकडे]

आणि मंडळी, आतापर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नाही. हा नुसता मसुदा आहे. क्यू दाबलंत तर काही घडलंच नाही. एफडिस्कची हीच खानदानी रीत! पार्टेड नावाचा त्याचा भाऊबंद मात्र जे सांगाल ते तिथल्या तिथे लिहून टाकतो. सही म्हणजे डब्ल्यू. त्याआधी पी दाबून वरची ओळ वाचा, मॉडेल, आकार. मोठ्याने वाचा, घरचे हसले तरी.

[डब्ल्यू दाबतो]

झालं. मग फॉरमॅट करणारी आज्ञा, एमकेएफएस डॉट ईएक्सटी४, पहिल्या भागाला, तसंच दुसऱ्याला. इथे मात्र डिस्कचं नाव आणि भागाचा आकडा तपासा, कारण सामान खरोखर बाहेर पडतं ते या आज्ञेत.

आत्याने त्या ड्राइव्हवर आता चिकटपट्टी लावलीय, तिच्यावर माझं नाव आणि पुढे मोठी फुली.