हसाय लागल्यात कोण?

(काळा पडदा. नुसता हशा. तो मध्येच तुटतो.)

हशा ऐकलात. हसणारं माणूस एकही दिसलं नाही.

सांगलीत आमच्या घरी टीव्हीवर विनोदी मालिका लागली, की आजी चुलीपुढून विचारायची, "हसाय लागल्यात कोण रं?" पडद्यावर माणसं दोनच, तीही गंभीर. आणि हशा मात्र खोली भरून. मला उत्तर देता यायचं नाही. इतक्या वर्षांनी तिचा प्रश्न घेऊन निघालोय.

(तासगावचा रस्ता. कवलापूर.)

हे कवलापूर, काळू-बाळूंचं गाव. लहू आणि अंकुश खाडे, तमाशात माणसं हसवणारे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगातले, म्हणजे तमाशातल्या नाट्यातले, त्यांचे हवालदार आजही इथली म्हातारी माणसं हातवारे करून दाखवतात. आजीनं जत्रेत असे फड पाहिले होते. तंबूत हशा उठला, की तो कुणाचा हे मान वळवली की कळतं. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांत, एक शब्द टाकतो आणि थांबतो. हशा चढू देतो. पुरता विरायच्या आत दुसरा शब्द टाकतो. लोक रंगले तर बतावणी लांबते, थंड बसले तर तो तिथंच आवरतं घेतो. समोर बसलेली माणसं निम्मा वग घडवतात, असं मी म्हणेन.

(जुना लाकडी कपाटाचा टीव्ही.)

टीव्हीपुढची माणसं कलाकाराला दिसत नाहीत. घरात दोघं-तिघं बसलेली, आणि एकट्यानं हसायला माणूस थोडा कचरतो. म्हणून अमेरिकेत 1950 साली 'द हँक मॅकक्यून शो' या मालिकेला, प्रेक्षक बसवलेले नसतानाही, ध्वनिमुद्रित हशा जोडला गेला. पुढं सीबीएस वाहिनीवरचे ध्वनी-अभियंता चार्ल्स डग्लस यांनी त्यासाठी एक यंत्रच तयार केलं. आत हशाच्या टेपची वेटोळी, बाहेर टाइपरायटरसारखी बटणं. एक बटण म्हणजे गालातलं हसू, दुसरं म्हणजे पोट धरून हसणं. हसू किती वेळ ठेवायचं ते पायाखालच्या पट्टीवर. पेटीला कुलूप असायचं आणि आत काय आहे ते डग्लस कुणाला दाखवत नसत. तीच ती माणसं वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या मालिकांत, न पाहिलेल्या विनोदांवर हसत राहिली.

आजी, एक उत्तर हे.

दुसरं उत्तर मला जास्त आवडतं. 1951 साली 'आय लव्ह लूसी' ही अमेरिकी विनोदी मालिका सुरू झाली. हॉलिवूडच्या स्टुडिओत सुमारे तीनशे माणसं बसवली, आणि प्रसंग नाटकासारखा सलग करून तीन कॅमेऱ्यांनी एकदम फिल्मवर टिपला. छायाचित्रकार होते कार्ल फ्रॉइंड. लूसीचं काम करणाऱ्या ल्युसिल बॉलची आई त्या प्रेक्षकांत येऊन बसायची. लेक आता काहीतरी घोळ घालणार असं दिसलं, की "अं-ओ" असा तिचा आवाज निघायचा. तो त्या भागांत आजही ऐकू येतो. पोरीच्या काळजीनं निघालेला आवाज कुठल्या बटणावर बसवणार?

अर्थात, खऱ्या प्रेक्षकांचीही अडचण असते. प्रसंग चुकला, पुन्हा करावा लागला, की विनोद त्यांना ठाऊक झालेला असतो. दुसऱ्यांदा ते मनापासून हसत नाहीत. मग पहिल्या वेळचा हशा जोडतात, नाहीतर पेटीतून थोडी भर घालतात. मला ही भर तितकी खटकत नाही. निदान नट तरी खऱ्या हशावर थांबलेला असतो. रिकाम्या सेटवर त्यानं थांबायचं किती? विनोदाचं टायमिंग ते हेच, आणि ते एकट्याच्या हातात नसतं.

हशा कुठं नको, हेही भांडून ठरवावं लागलं. 1972 ला सुरू झालेली 'मॅश' ही कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयाची मालिका. वाहिनीला हशा हवा होता, करणाऱ्यांना नको होता. शेवटी शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत तो घालायचा नाही, एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं. टेबलावर जखमी जवान असताना पेटी गप्प. ब्रिटनमध्ये तर बीबीसीनं ही मालिका हशाशिवायच दाखवली.

(सांगली. विष्णुदास भावे नाट्यमंदिर. तिसरी घंटा.)

याच सांगलीत 1843 साली, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक उभं केलं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल पलीकडच्या हरिपूरचे. आजचा प्रयोग त्यांच्याच 'संशयकल्लोळ'चा. बायकोवर संशय घेणारा फाल्गुनराव 1916 पासून या संगीत नाटकात माणसं हसवतोय.

आम्ही कॅमेरा रंगमंचाकडं पाठ करून ठेवलाय.

तिसऱ्या रांगेतल्या मावशींचं हसू सगळ्यांच्या आधी सुटतं. मागोमाग शेजारीण. मग रांग. मग बाल्कनी. मावशी पदर तोंडाला लावतात, तरी आवरत नाही. फाल्गुनराव थांबलाय. पुढचं वाक्य ओठावर आहे, पण मावशींचं होऊ देतोय.

आजी, ह्या बघ.

(हशा तसाच चालू ठेवायचा. संगीत नको.)