देखा मॅडम, माटी उडनी!

(टेबलावर कागदाचे कपटे, हातात फणी.)

फणी काही केल्या कागद उचलेना. पुस्तकात स्थिर विद्युतच्या प्रयोगात लिहिलंय, कोरड्या केसांवर घासा. साक्री तालुक्यातल्या या शाळेत सकाळी दहाला कोरडे केस आणायचे कुठून? सगळ्यांची डोकी तेलाने चपचपीत. मॅडमनी फणी ठेवून दिली आणि शेतातून पीव्हीसी पाइपचा तुकडा मागवला. सोबत एक घोंगडी.

(घोंगडीवर पाइप घासणारे हात. चटचट आवाज.)

हा आवाज नीट ऐका. लोकरीतले इलेक्ट्रॉन पाइपवर चाललेत. पाइप ऋणभारित होतोय, आणि प्लॅस्टिकमधून भार वाहत नाही, म्हणून तो तिथेच बसून राहतो.

(ॲल्युमिनियमची ताटली, जवळून.)

ताटलीत काळी माती, वस्त्रगाळ केलेली. पाइप वर आला... आणि, “देखा मॅडम, माटी उडनी!”

हा शॉट आम्ही चार वेळा घेतला. चारही वेळा पोरं तितकीच ओरडली.

पाइप जवळ येताच ताटलीतले इलेक्ट्रॉन दूर पळतात, तिला टेकलेले कण धनभारित होतात. मग ताटली त्यांना ढकलते, पाइप ओढतो. कणांवर ओलाव्याचा पुसटसा थर असला तर भार लवकर चढतो. हवाच दमट असली तर मात्र पाइपवरचा भार टिकत नाही. जानेवारीत आलो ते बरं झालं.

(शिवाजीनगर, रांगाच रांगा.)

याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३पासून आहे. पॅनलवर धूळ बसली की वीज घटते, आणि धुवायचं तर पाणी लागतं. २०२२मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी काचेवर पारदर्शक वाहक थर दिला, वरून भारित पट्टी सरकवली आणि पाण्याविना धूळ उडवून दाखवली. तत्त्व या ताटलीतलंच. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कोळशाची राखही स्थिर विद्युतच धरते, धुराड्यात जाण्याआधी.

शाळेच्या छतावरची दोन पॅनल अजून बादली-फडक्यानेच पुसतात. कोरडं फडकं नको, काच भारित होऊन धूळ पुन्हा ओढते, एवढं पोरांनी शिपाईकाकांना बजावलंय.

(घोंगडी झटकणारा मुलगा.)

पाइपची सगळी माती आता घोंगडीवर आलीय. घोंगडी याच्या आजोबांची. संध्याकाळच्या आत घरी पोचवायचीय.