हुडकायला कोण गेलं होतं?

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला अंतराळवीरांवर बोलायला सांगितलं होतं. मी त्यांना विषय थोडा वाकवून मागितला आणि त्यांनी तो दिला, त्यांचे आभार. आज मी अंतराळवीरांबद्दल बोलणार आहे आणि ज्या मुलांचं घर, गाव, आईबाप सगळं गेलेलं असतं त्यांच्याबद्दलही बोलणार आहे. हे दोन विषय माझ्या डोक्यात एकत्र आले एका मुलामुळे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दुर्बीण घेऊन बालगृहांत जाऊ लागले. महिन्यातून एक संध्याकाळ. पहिल्याच खेपेला मार्चमधलं आकाश स्वच्छ होतं, गुरू डोक्यावर होता, त्याचे चार चंद्र एका ओळीत दिसत होते. मुलांनी रांग लावली, गलका केला. एक मुलगा, असेल बारा-तेरा वर्षांचा, व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा राहिला तो राहिलाच. मी बोलावलं, तर जागचा हलला नाही. मी निघताना मात्र जवळ आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही काय परत येत न्हाईसा."

त्यात राग नव्हता. उद्या सोमवार आहे, हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. बालगृहात माणसं येतात. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध असतं. केक येतो, खाऊ येतो, फोटो निघतात. तीच माणसं दुसऱ्यांदा येतात का, याचा हिशेब मोठ्यांपैकी कुणी ठेवत नसेल, पण मुलं ठेवतात. त्या मुलाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी अंतराळवीर.

राकेश शर्मा आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. एप्रिल १९८४, सोयूझ टी-११ यान, सॅल्यूट ७ स्थानक. सोव्हिएत संघाचा 'इंटरकॉसमॉस' नावाचा कार्यक्रम होता, त्यात मित्रदेशांच्या माणसांना अंतराळात नेत. शर्मांच्या आधी १९७८ मध्ये पोलंडचे मिरोस्वाव हेर्माशेव्स्की गेले आणि नंतर १९८७ मध्ये सीरियाचे मुहम्मद फारिस. तिघेही लढाऊ वैमानिक, तिघेही वर जवळपास आठ दिवस राहिले. शर्मांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, म्हणून उरलेल्या दोघांची सांगते.

फारिस अलेप्पोचे. 'मीर' स्थानकावर जाऊन आले आणि देशाचे नायक झाले. त्यांच्या नावानं रस्ते झाले, शाळा झाल्या. पुढे युद्ध पेटलं आणि ऑगस्ट २०१२ मध्ये हा माणूस बायकामुलांना घेऊन सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेला, निर्वासित म्हणून. उरलेलं आयुष्य त्यांनी निर्वासितांसाठी बोलण्यात घालवलं आणि २०२४ मध्ये तिथेच ते वारले. इस्तंबूलमध्ये एखाद्या सीरियन पोरासमोर ते बसले असतील तेव्हा काय होत असेल, याचा मी फार विचार केलाय. अंतराळात जाऊन आलोय, याचं त्या पोराला कौतुक वाटलंच असेल. पण त्याच्या मनाचं दार त्या कौतुकानं उघडत नाही. ज्याचं घर बॉम्बनं गेलंय, त्याला आकाशातून काय येतं हे पुरतं माहीत असतं. त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की समोरच्या माणसाचंही घर गेलंय आणि तोही परक्या भाषेत कागद घेऊन रांगेत उभा राहिलाय.

हेर्माशेव्स्कींची गोष्ट याहून आतली आहे. त्यांचा जन्म १९४१ चा, वोल्हिनियामधल्या लिपनिकी गावातला. हा युद्धाआधीच्या पूर्व पोलंडचा भाग, आज युक्रेनमध्ये आहे. मार्च १९४३ मध्ये एका रात्री सशस्त्र युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी त्या पोलिश गावावर हल्ला केला. आई दीड वर्षाच्या मिरोस्वावला कडेवर घेऊन बर्फातून पळाली. तिच्यावर गोळी झाडली गेली, ती जखमी झाली आणि बाळ हातातून सुटून बर्फात पडलं. रात्रभर तिथेच राहिलं. सकाळी सापडलं, जिवंत. त्याच वर्षी वडीलही मारले गेले. उरलेलं कुटुंब गाव सोडून पश्चिमेला गेलं. पस्तीस वर्षांनी, २७ जून १९७८ रोजी, ते बाळ सोयूझ ३० मधून अंतराळात गेलं. एवढं सांगून क्षणभर थांबावंसं वाटतं, पण मला पुढे जायचंय, कारण त्याच वोल्हिनियातून आणि आसपासच्या मुलखातून निघालेली मुलं आपल्या कोल्हापूरला येऊन राहिली होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघ चालून आले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्वेकडच्या लाखो पोलिश लोकांना गुरांच्या डब्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात धाडलं गेलं. लाकूडतोड, भूक, टायफस. मग १९४१ च्या जूनमध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला, समीकरणं फिरली आणि या लोकांना सोडायचं ठरलं. ते दक्षिणेकडे निघाले. वाटेत आईबाप मेले. काहींनी पोर जगावं म्हणून स्वतःच्या हातानं अनाथालयात सोडलं. अनाथ मुलांचा विषय निघाला की ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. अशा मुलाच्या मनात आईनं सोडलं एवढंच राहतं. का सोडलं, हे कळायला त्याला चाळीस वर्षं लागतात.

इराणच्या सीमेजवळ, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अश्गाबातला अशा मुलांचं अनाथालय होतं. मुंबईहून मदतीचं सामान घेऊन ट्रक इराणमार्गे तिथवर गेले आणि परतताना त्याच ट्रकांतून मुलं आली. मशहद, क्वेट्टा, मग रेल्वे. मोबाइलवर एक गोष्ट फिरते, की मुलांचं जहाज बंदरोबंदरी हाकललं गेलं आणि शेवटी नवानगरच्या राजानं उतरवून घेतलं. ऐकायला फार छान आहे. पण ही पहिली मुलं जहाजानं आलीच नव्हती. ती डोंगरांतून, वाळवंटातून, ट्रकच्या फळ्यांवर बसून आली. मला ही खरी गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यात कुणीतरी निघून त्यांच्यापर्यंत गेलं होतं.

एप्रिल १९४२ मध्ये मुलं मुंबईला पोचली. उणे चाळीस तापमानातून आलेली पोरं वांद्र्याच्या उन्हाळ्यात उतरली. पोलंडचे मुंबईतले वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी हे सगळं काम अंगावर घेतलं होतं. किराबाई पुढे भारतातच राहिल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तीनेक महिने मुलं वांद्र्यात होती. तोवर जामनगरजवळ बालाचडीला, नवानगरचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या उन्हाळी महालाशेजारी, छावणी बांधून होत होती. आज तिथे सैनिक शाळा आहे.

जामसाहेबांचं पहिलं भाषण सगळीकडे सांगितलं जातं. मोठी झाल्यावर मुलांनी ते आठवून सांगितलंय: तुम्ही आता अनाथ नाही, तुम्ही नवानगरचे, नवानगरच्या सगळ्यांचा मी बापू, तसा तुमचाही. मला या शब्दांबद्दल आदर आहे. पण या भाषणानं मुलांचा विश्वास बसला, असं मला वाटत नाही. मुलांनी तोवर बरीच भाषणं ऐकली होती. विश्वास बसला असेल तो पालकामुळे.

हसू नका, खरंच सांगते. छावणीत पालकाची भाजी वारंवार होऊ लागली आणि ती मुलांना अजिबात आवडत नव्हती. शिजवलेला पालक पोलिश जिभेला कसा लागत असेल ते तुम्हीच बघा. मुलांनी ठरवलं की खायचा नाही, सगळ्यांनी मिळून. एक प्रकारचा संपच. बातमी जामसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी स्वयंपाक्यांना सांगितलं की पालक बंद करा. विषय संपला. आता ही कोणती मुलं होती ते आठवा. वर्षभरापूर्वी भाकरीच्या तुकड्यासाठी वाट्टेल ते सोसणारी. त्या पोरांनी ताटातलं नको म्हटलं आणि त्याबद्दल कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, उपकाराची आठवण करून दिली नाही. ज्याला 'नको' म्हणता येतं आणि म्हटल्यावरही उद्याचं जेवण मिळतं, त्याला हळूहळू इथे राहिलो तर चालेल असं वाटू लागतं. आपल्याकडे निराधार पोरानं ताटातलं काही टाकलं की पहिलं वाक्य काय येतं, हे आपण सगळे जाणतो.

याला जोडून भाकरीचं सांगायला हवं. सोव्हिएत संघातून बाहेर आलेली ही मुलं इराणात असोत की इथे, उशाखाली, गादीखाली पाव लपवून ठेवत. पोटभर जेवल्यावरसुद्धा. त्यांना सांभाळणाऱ्या अनेकांनी हे नोंदवलंय. समजावून सांगून ही सवय जात नाही. रोज ठरल्या वेळी ताट समोर येतं, मग आणखी एक दिवस येतं, आणखी शंभर दिवस येतं, तेव्हा कधीतरी उशाखालचा पाव बंद होतो. नेमका कोणत्या दिवशी, ते कुणालाच कळत नाही.

आणखी एक गोष्ट बालाचडीत फार शहाणपणानं झाली. मुलांना गुजराती करायला कुणी गेलं नाही. शिक्षक पोलिश, प्रार्थना पोलिश, नाच-नाटकं पोलिश, आणि ते बघायला जामसाहेब स्वतः येऊन बसत. त्यांची भाषा तशीच राहू दिली, म्हणजे तुझं जे गेलं ते विसर, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मूल आपलंसं करायचं म्हणजे त्याला नवं नाव द्यायचं, ही आपल्याकडची खोड मला या एका उदाहरणापुढे फार खुजी वाटते.

आता आपल्या कोल्हापूरजवळचं वळिवडे. इथे बसलेल्यांपैकी बरेचजण गांधीनगरला कापड घ्यायला जातात. त्या बाजारातून चालताना आपण पोलिश छावणीच्या जागेवरून चालत असतो, हे किती जणांना ठाऊक आहे? १९४३ ते १९४८ या काळात पंचगंगेच्या काठाजवळ, रेल्वेलगत, सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. ओळीनं बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृह. मुलांचं स्काउट पथक जोरात होतं. १९४६ मध्ये बालाचडी बंद झालं, तेव्हा तिथलीही मुलं इथे आली. इथे कुणी राजा येऊन भाषण करून गेल्याची गोष्ट प्रसिद्ध नाही, आणि म्हणूनच मला वळिवड्याचं महत्त्व वाटतं. पाच वर्षं घंटा वेळेवर वाजली, शाळा भरली, पाणी आलं, आजाऱ्याला औषध मिळालं. जे गेले त्यांना इथेच माती मिळाली; कोल्हापुरात त्यांच्या कबरी आहेत. महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे, तो जाऊन बघा. एक मुलगी तर इथल्याच तरुणाशी लग्न करून कोल्हापूरची झाली आणि अखेरपर्यंत आपल्यासारखी मराठी बोलत राहिली.

पण हा विश्वास टिकला असं म्हणून मला पुढे जाता येत नाही. युद्ध संपलं तेव्हा त्यांचा मुलूख सोव्हिएत संघात गेला होता. परत जायला गावच उरलं नव्हतं. १९४७-४८ मध्ये छावणी मोडली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला, काही पोलंडला. पाच वर्षांत जमलेल्या मैत्रिणी, बराकीतली शेजारीण, शाळेतल्या बाई, सगळं पुन्हा एकदा सुटलं. आणि त्या रिकाम्या बराकींत कोण आलं? फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं. तीच कौलं, तीच जमीन, नवी मुलं. त्यांच्याही उशाखाली काही ना काही असणारच.

हेर्माशेव्स्की वर होते तेव्हा त्यांच्या स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी जवळपास बावन्न अंशांचा कोन करून फिरत होती. म्हणजे पोलंडच्या दक्षिणेचा पट्टा आणि आपला हा सोळा-सतरा अंशांवरचा प्रदेश, दोन्ही त्या वाटेखाली येत होते. ज्या मुलखातून त्यांना बर्फातून पळावं लागलं तो, आणि त्याच मुलखातली दुसरी पोरं जिथे पोसली गेली तो, हे दोन्ही काही मिनिटांच्या अंतरावर. त्यांनी खाली बघून कोल्हापूर शोधलं असेल, असं मी म्हणत नाही. पण मुलांना नकाशावर ही वाट मी दाखवते.

आता तो मुलगा. एप्रिलमध्ये मी गेले, तो खांबापाशीच. मे महिन्यात ठरलेल्या दिवशी दुपारपासून वळिवाचे ढग भरून आले. काही दिसणार नव्हतं. घरच्यांनी सांगितलं, कशाला जातेस, फोन करून कळव. मी फोन हातात घेतला होता, हे कबूल करते. मग त्याचं ते वाक्य आठवलं आणि दुर्बीण घेऊन गेले. पेटी उघडलीसुद्धा नाही. वीज गेलेली, बाहेर पाऊस, आम्ही सगळे व्हरांड्यात बसलो. दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून हेर्माशेव्स्कींची गोष्ट सांगितली. रॉकेट, वजनरहित अवस्था, जेवण कसं करतात, मुलांनी ते सगळं विचारलं. खांबापासून आवाज आला, "बाई, ते बर्फात पडल्यालं बाळ. त्येला हुडकायला कोण गेलतं?"

मी म्हटलं, घरचीच माणसं गेली होती.

त्यानंतर तो काही बोलला नाही. पाऊस थांबल्यावर मी निघाले, तेव्हा दुर्बिणीची जड पेटी त्यानं कुणी न सांगता उचलली आणि चिखलातून गाडीपर्यंत आणून दिली. गाडीपाशी उभं राहून त्यानं पुढच्या महिन्याची तारीख विचारली.