दिवाळीच्या सुट्टीआधी मोबाइल आवरून ठेवा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी पैसा येतो. दूध संघाचा दरफरक जमा होतो, कामगारांच्या हातात बोनस पडतो आणि महाद्वार रोड, गुजरी, लक्ष्मीपुरी माणसांनी फुलून जाते. नेमक्या याच दिवसांत बँकांना लागोपाठ सुट्ट्या असतात. ऑनलाइन गंडा घालणारे हे जाणून असतात. खरेदीच्या गडबडीत मेसेज अर्धाच वाचला जातो, आणि शंका आली तरी शाखेत जाऊन विचारायची सोय नसते. म्हणून फराळाची तयारी सुरू असतानाच अर्धा तास काढा आणि घरातले सगळे मोबाइल आवरून ठेवा.

सगळ्यात जास्त धोका आहे तो एपीके फाइलचा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, गाडीचं चलान, अनुदानाची यादी अशा नावांनी ही फाइल येते. ती बऱ्याचदा ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका म्हटली की ती फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी ए-पी-के ही तीन अक्षरं असली, तर ते ॲप आहे हे समजा. ते फोनमध्ये घेतलं की आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग ॲक्सेसिबिलिटीची. ही दुसरी परवानगी फार घातक. नीट दिसत नसलेल्या माणसांना फोन वापरता यावा म्हणून ही सोय केलेली आहे. तिच्या आधारे ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबू शकतं. ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले’ असं लोक सांगतात, ते अशा वेळी खरंच असतं.

उपाय साधा आहे. अँड्रॉइड फोनची सेटिंग्ज उघडा, वरच्या शोधपट्टीत ‘अननोन ॲप्स’ असं टाका. यादी दिसेल. त्यात व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्सपुढची परवानगी बंद करा. मग प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवून घातक ॲप शोधणारं प्ले प्रोटेक्ट सुरू आहे का ते बघा. व्हॉट्सॲपच्या अकाउंट सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन असतं, तिथे सहा आकडी पिन घाला. आई-आजोबांच्या फोनवर हे सगळं मुलांनी स्वतः बसून करून द्यावं, नुसतं फोनवरून सांगून होत नाही.

आता यूपीआय. पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक बघताना. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. घरी चकली-चिवडा करून विकणाऱ्या ताई-मावशींनी हे पक्कं लक्षात ठेवावं. मोठी ऑर्डर देणारा फोन येतो, समोरचा लष्करातला अधिकारी असल्याचं सांगतो, भाव करत नाही आणि ‘ॲडव्हान्स पाठवतोय, हा कोड स्कॅन करा’ म्हणतो. स्कॅन केलं की तुमच्या स्क्रीनवर त्याचं नाव, रक्कम आणि खाली पिनची चौकट येते. ती चौकट दिसली म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार, तिथेच थांबायचं. दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट धरून माल देऊ नये, तो बनवता येतो. आपल्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली की मगच पिशवी हातात द्यावी. आणि रोज दुकान उघडताना आपला क्यूआर कोड एकदा स्वतः स्कॅन करून बघावा. त्यावर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवलेलं असलं तर नाव वेगळं येतं.

बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते, तसंच कार्डाचे परदेशी व्यवहार बंद ठेवता येतात. सुट्टीपुरती मर्यादा पाच हजारांवर आणली, तर यूपीआयवरून गेलेच तर दिवसाला पाच हजारच जातील. गुजरीत सोनं घ्यायचं त्या दिवशी वाढवा, रात्री पुन्हा कमी करा.

सुट्टीत मालवण, तारकर्ली, गणपतीपुळ्याला जाणारे खोल्या ऑनलाइन शोधतात. खोट्या जाहिरातीत फोटो दुसऱ्याच घराचे असतात आणि ‘एकच खोली उरलीय, निम्मे पैसे आत्ता पाठवा’ अशी घाई केली जाते. व्हिडिओ कॉल करून अंगण, खोली, दारावरची पाटी दाखवायला सांगा. पैसे पाठवताना ॲपमध्ये दिसणारं नाव मालकाशी जुळतं का ते बघा. टाळाटाळ झाली तर दुसरं घर शोधा. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांनाही हे कळवा, यात्री निवासाच्या नावाने त्यांनाही असंच फसवलं जातं.

बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे असतो तोच लावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांच्या वेबसाइटचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो, तेवढी खूण तपासा. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कायद्यात नाही. पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओवर काहीही सांगू दे, फोन ठेवून द्या.

एवढं करूनही पैसे गेले, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला. पुन्हा सांगतो, एक-नऊ-तीन-शून्य. सुट्टीच्या दिवशीही लावा. चोर पैसे काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतात. ते खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात, म्हणून नातेवाइकांशी चर्चा नंतर. आधी जवळ ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा, आणि बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर खातं थांबवायला सांगा. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो जपा. मेसेज, स्क्रीनशॉट काही पुसू नका.

एपीके घेतलं गेलं असेल तर आधी फोन फ्लाइट मोडवर टाका, सिम काढून साध्या फोनमध्ये घाला आणि त्यावरून बँकेला व १९३० ला कळवा. ओटीपी मग चोराकडे जात नाहीत. ते ॲप काढून टाकता येत नसेल, तर फोटो वेगळे काढून फोन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करावा.

तक्रार दिल्यानंतर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तोही चोरच. पैसे परत करायला पोलीस किंवा बँक फी मागत नाहीत. बँकेने लेखी तक्रारीवर तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिलाही फी नाही.