जेट बोटीचं गरम इंजिन पुन्हा का सुरू होत नाही

मंडळी, आज मी एकाच तक्रारीबद्दल बोलणार आहे. सकाळी थंड इंजिन अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होतं. तासभर बोट झकास पळते. मग आपण काठाला लागतो, इंजिन बंद करतो, वीसेक मिनिटं थांबतो आणि निघायच्या वेळी किल्ली फिरवतो, तर इंजिन घेत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. तासाभराने सगळं निवलं की तेच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं आणि आपण म्हणतो, चला, झालं ठीक. झालेलं काहीच नसतं. उद्या पुन्हा तेच होणार असतं.

मोटार अशी अडली तर आपला खोळंबा होतो. जेट बोट अडली तर जीव धोक्यात येऊ शकतो. या बोटीला पाण्यात वळवणारं वेगळं सुकाणू नसतं. पंप पाणी मागे फेकतो आणि त्या झोताचं तोंड वळवलं की बोट वळते. इंजिन थांबलं की झोत थांबतो आणि वळणंही थांबतं. विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ही बोट घडवली, ती उथळ आणि वेगवान नद्यांसाठी. १९६० साली त्यांच्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. म्हणजे ही बोट जिथे नेली जाते तिथे बहुधा ओढ असलेलं पाणी असतं. म्हणून किल्लीशी झटत बसण्याआधी नांगर टाका, नाहीतर दोर बांधा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता मुळाशी जाऊ. इंजिन बंद केलं की ते लगेच निवायला लागतं, असं आपण धरून चालतो. पहिली काही मिनिटं नेमकं उलट घडतं. बहुतेक जेट बोटींत इंजिन थंड ठेवणारं पाणी त्या झोताच्या पंपातूनच येतं. पंप थांबला की त्या क्षणी थंडाव्याचं पाणीही थांबतं. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका धूर बाहेर नेणारा ओतीव भाग) आणि सिलिंडर हेडच्या जाड धातूत साठलेली उष्णता कुठे जाणार? ती वर कार्ब्युरेटरकडे सरकते, बाजूला सेल्फकडे आणि ठिणगीचा करंट बनवणाऱ्या कॉइलकडे सरकते. वर झाकण बंद, आत वारा नाही. त्यामुळे कार्ब्युरेटरचं तापमान चालत्या इंजिनापेक्षा बंद इंजिनावर जास्त चढतं. साधारण दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचा काळ सगळ्यात वाईट. बंद करून लगेच सुरू केलं तर इंजिन घेतं, तासाने केलं तरी घेतं, मधल्या वेळात मात्र नाही, असा क्रम दिसला की समजा, दोष या साठलेल्या उष्णतेत आहे.

माझं आजचं खरं सांगणं इथेच आहे. हा दोष फक्त गरम इंजिनात हजर असतो. बोट ओढून वर्कशॉपला आणली, निवली, मग झाकण उघडलं, तर पुरावा गेलेला असतो. मग अंदाजाने आज कॉइल बदल, उद्या पेट्रोलचा पंप बदल, असा खर्च सुरू होतो. मल्टिमीटर, प्लगचा पाना आणि टायमिंग लाइट (प्लगच्या वायरीत करंट आला की लुकलुकणारा दिवा) बोटीवर ठेवा आणि इंजिन अडेल तेव्हाच, तिथल्या तिथे तपासा.

झाकण उघडण्याआधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खणातली वाफ बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालवा, मग वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचून राहते. तळातून वास येत असेल तर किल्लीला हात लावायचा नाही, आधी गळती शोधायची. यात मी कुणालाही सूट देत नाही.

मग किल्ली फिरवा आणि फक्त ऐका. सेल्फ जड फिरतोय की नेहमीच्या जोमाने फिरतोय? तपास इथे दोन वाटांनी फुटतो.

जड फिरत असेल तर बरेच जण म्हणतात, जेट बोट आहे, पाण्यातला इम्पेलरही, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाकही, फिरवावं लागतं, त्याचा भार. न्यूट्रल गिअर नसलेल्या बोटीत सेल्फ इम्पेलर फिरवतो हे खरं. पण हिशेब करून बघा. पंपाला लागणारा पीळ (टॉर्क) फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला चार हजार फेऱ्यांना जो पीळ लागतो, त्याचा चारशेवा हिस्सा सेल्फच्या दोनशे फेऱ्यांना लागतो. म्हणजे पाण्याचा भार नगण्य. हां, इम्पेलरमध्ये दगड, दोर किंवा शेवाळ अडकलं असेल किंवा पंपाची बेअरिंग धरली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते सकाळीही जाणवेल.

गरम झाल्यावरच जड होतो तो बहुतेकदा विजेचा मामला. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. सेल्फ ८० अंशांनी तापला तर त्याच्या वेटोळ्यांचा रोध जवळजवळ एकतृतीयांश वाढतो. चांगल्या जोडण्या हे सहन करतात, आधीच खराब असलेल्या नाही करत. मी स्वतः एका बोटीचा सेल्फ दोनदा बदलला. दोन्ही वेळा थंड असताना ठीक, गरम झाला की पुन्हा रडगाणं. शेवटी सेल्फ चालू असताना मीटर लावला, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला. तिथे शून्याच्या जवळ आकडा हवा, दिसला सव्वा व्होल्ट. अर्थिंगच्या केबलचा लग (टोकाची धातूची कडी) बाहेरून चकचकीत होता. कापून पाहिलं तर आत तारांची हिरवी पूड झालेली. त्या मालकाचा दोनदा झालेला खर्च मला आजही बोचतो, म्हणून सांगतो, आधी मीटर, मग पाना. सेल्फ फिरत असताना बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या वर राहायला हवेत. धन बाजूच्या केबलमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा आणि अर्थिंगमध्ये ०.२५-०.३ व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नयेत.

जड फिरण्याचं आणखी एक कारण आहे, टायमिंग जास्त ॲडव्हान्स असणं, म्हणजे ठिणगी फार आधी पडणं. गरम सिलिंडरमध्ये भडका लवकर उडतो आणि पिस्टनला उलटा दणका देतो. सेल्फ फिरता फिरता एकदम अडतो, पुन्हा फिरतो. इग्निशनची वायर काढून सेल्फ मारा. आता मोकळा फिरला तर दोष सेल्फचा नाही, टायमिंगचा.

आता दुसरी वाट. सेल्फ मस्त फिरतोय, इंजिन घेत नाही. कार्ब्युरेटरच्या बोटीत दहातल्या बहुतेक वेळा हा पेट्रोलचा प्रश्न निघतो, आणि तो दोन उलट तऱ्हांनी येतो. एक, पेट्रोल जास्त झालं. दोन, पेट्रोल पोचतच नाही. लक्षण सारखं, उपाय एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून न बघता थ्रॉटल पंप करत सुटणं ही सगळ्यात मोठी चूक.

बघायचं कसं? किल्ली बंद, ब्लोअर चालवून झालेला. कार्ब्युरेटरवरचा फ्लेम अरेस्टर (आतला भडका बाहेर येऊ न देणारी जाळी) काढा आणि टॉर्चच्या प्रकाशात, थ्रॉटलला हात न लावता, आत डोकवा. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात आणि कार्ब्युरेटर त्याहून खूप तापलेला असतो. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या साठ्यात, उकळी फुटली की बुडबुडे पेट्रोलला मुख्य नळीतून वर ढकलतात. कुणी काही केलेलं नसताना नळीच्या तोंडाशी थेंब जमतो, फुगतो, टपकन खाली थ्रॉटलच्या पाकळीवर पडतो, मागोमाग दुसरा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगळा उलगडा झाला. वीस मिनिटं असं टपकत राहिलं की खालच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलचं तळं होतं आणि प्लग ओले होतात. यालाच इंजिन ओव्हर होणं म्हणतात.

डोकावल्यावर आत कोरडं दिसलं तर थ्रॉटल एकदा उघडा. कार्ब्युरेटरमधल्या छोट्या पंपाच्या नळीतून ठसठशीत धार आली तर वाटीत पेट्रोल आहे. नुसती फुसफुस झाली तर वाटी रिकामी आहे. पेट्रोल उकळून उडालं, किंवा लाइनमध्ये वाफ धरली आणि यांत्रिक पंप ती वाफच घुसळत बसलाय.

ओव्हर झालेल्या इंजिनाला हवा द्यायची. फ्लेम अरेस्टर परत बसवा, त्याच्याशिवाय सेल्फ मारायचाच नाही. एक बॅकफायर आणि आग. थ्रॉटल पूर्ण उघडा, तसाच धरून ठेवा, पंप करू नका, दहा सेकंद सेल्फ मारा, थांबा, पुन्हा मारा. पण मंडळी, ही मोटार नाही. इंजिन घेतलं त्या क्षणी इम्पेलर फिरणार. म्हणून आधी झोतामागची बकेट (झोत उलट वळवणारं झाकण) मधल्या जागी आणा, बोट बांधलेली असू द्या, मागे झोतासमोर किंवा पाण्यात पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाजवळ कुणी नाही हे डोळ्यांनी बघा. आणि इंजिनाने पकडलं की थ्रॉटल त्याच क्षणी खाली. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांतही पूर्ण थ्रॉटलवर सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात, पण आपल्या इंजिनाचं मॅन्युअल बघून घ्या.

कायमचे उपाय साधे आहेत. कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड स्पेसर घाला. तो घातल्यावर झाकण फ्लेम अरेस्टरला टेकत नाही ना, हे मोजा. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून दूर न्या. फ्लोटची पातळी आणि वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल-सीट तपासा. नीडल गळत असेल तर लाइनमधल्या तापलेल्या पेट्रोलचा दाब सगळं वाटीत ढकलतो. इनटेक मॅनिफोल्डखालून एक्झॉस्टची उष्णता नेणारी वाट असेल तर ती बंद करता येते. आणि एक पैसाही न लागणारा उपाय: काठाला येताना शेवटची चार-पाच मिनिटं हळू चालवा, बंद केल्यावर झाकण उघडा.

पेट्रोल ठीक दिसलं तर ठिणगी. गरम झाल्यावर कॉइलच्या आतलं वेटोळं तुटतं, निवल्यावर पुन्हा जुळतं. डिस्ट्रिब्युटरमधलं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही असंच फसवतं. पण प्लग काढून ब्लॉकला टेकवून ठिणगी बघायची जुनी सवय बोटीत जीवघेणी आहे. टायमिंग लाइटचा चिमटा प्लगच्या वायरीवर लावा आणि सेल्फ मारा. लाइट लुकलुकला तर करंट येतोय. उघडी ठिणगी कुठेच नाही.

मघाशी कुणीतरी विचारलं, सेल्फ एक ठोका देऊन जागीच थांबतो, मग काय? तिथे जोर करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे प्लग काढा, बाहेर आलेलं पेट्रोल असेल तर ते पुसून वाफ जाऊ द्या, मग इंजिन हाताने फिरवा आणि काय बाहेर येतं ते बघा. जमिनीवर होज लावून इंजिन चालवताना हे हमखास होतं. आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. इंजिन बंद आणि नळ चालू राहिला, तर पाणी एक्झॉस्ट भरून व्हॉल्व्हमधून आत शिरतं. होज लावलेलाच नसेल आणि तरीही एखादा प्लग ओला, गंजाच्या डागाचा निघाला, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा हेड गॅस्केट गळतंय. ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्या दिवशी ते इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही.