टॅब उडाले? आधी कॉम्प्युटरवरचा हात काढा

[टेबलावर बंद लॅपटॉप, बाजूला झेरॉक्सचा गठ्ठा आणि अर्धा कप चहा]

टॅब आत्ताच उडालेत आणि त्या गडबडीत हा व्हिडिओ लावलाय, असं असेल तर पुढचं मोबाईलवर बघा. कॉम्प्युटरवरचा हात काढा. ब्राउझर बंद असेल तर उघडू नका. उघडा असेल तर बंद करू नका. आहे तसं राहू दे. का ते सांगतो, खरं आधी मी स्वतः काय घाण करून ठेवलो होतो ते ऐका.

बेळगावच्या अनगोळमध्ये माझं छोटं ऑनलाईन सेंटर आहे. झेरॉक्स, अर्ज, उतारे, स्कॉलरशिप, जे येईल ते. आपल्या भागात हे काम दुप्पट असतं हे तुम्हाला माहीतच आहे. एकाच घरातल्या माणसाची जमीन इकडे खानापूर तालुक्यात आणि बायकोच्या माहेरची तिकडे चंदगडला. म्हणजे एका टॅबमध्ये कर्नाटकच्या भूमी पोर्टलवरचा आरटीसी, म्हणजे इकडचा जमिनीचा उतारा, आणि दुसऱ्यात महाराष्ट्राच्या महाभूलेखचा सातबारा. पोरगी बारावीला असली तर कर्नाटकची सीईटी एका खिडकीत, महाराष्ट्राची दुसऱ्या खिडकीत. संध्याकाळपर्यंत माझ्या स्क्रीनवर टॅबची रांग इतकी बारीक होते की नुसते ठिपके दिसतात.

जुलैमधली गोष्ट. पाऊस असला की लाईटचं काय होतं ते मी सांगायला नको. संध्याकाळी लाईट गेली, इन्व्हर्टरच्या बॅटरीनं पण मान टाकली, आणि ६२ टॅब जाग्यावर गप्प. मी म्हटलं, जाऊ दे, सकाळी बघू. सकाळी माझ्याआधी भाचा येऊन बसला. ब्राउझर उघडला. कोपऱ्यात चौकट आली की मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं, पानं परत आणायची काय? आमच्या भाच्यानं ती चौकट बंद केली. वर मला सांगतो, "मामा, ते उगंच काय तर विचारालतं, म्हणून क्रॉस केलो." मग क्रिकेटचा स्कोअर बघून ब्राउझर बंद करून गेला.

इथपर्यंत सुद्धा काही बिघडलं नव्हतं, बघा. बिघडवलो मी. येऊन उघडलो, रिकामं दिसलं. बंद केलो, परत उघडलो. आता येतील, मग येतील म्हणून चार वेळा उघड-बंद. तिथं सगळं संपलं.

[स्क्रीनवर: हातानं काढलेलं बसचं चित्र]

का संपलं? टॅब म्हणजे काय ते आधी बघूया. सणाच्या आदल्या दिवशी खानापूरची बस लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकतो. सीट धरली म्हणतो, खरं अजून बसलेलो नसतो. टॅबचं असंच. ते पान तुमच्याकडे नसतं, तिकडे लांब कुठल्या तरी सर्व्हरवर असतं. तुमच्याकडे फक्त त्याचा पत्ता, आणि त्या टॅबमध्ये तुम्ही कुठून कुठं गेलात त्याची नोंद. कुठला रुमाल कुठल्या सीटवर, ही यादी ब्राउझर सतत एका फाईलमध्ये लिहीत असतो. फायरफॉक्स नावाचा ब्राउझर तर दर १५ सेकंदांनी लिहितो.

आता कंडक्टरचं वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, डोळ्यासमोर आणा. फेरी बदलली की नवं वेबिल. समजा आपला कंडक्टर चालू फेरीचं आणि मागच्या फेरीचं, एवढी दोनच वेबिलं खिशात ठेवतो. तिसरी फेरी सुरू झाली की पहिल्या फेरीचं फेकून देतो. क्रोमचं साधारण असंच चालतं. तुम्ही ब्राउझर उघडला की एक फेरी. भाच्याची एक फेरी झाली तेव्हा माझे ६२ टॅब 'मागच्या फेरी'त होते, जिवंत होते. मी दुसरी फेरी काढलो आणि ते वेबिल माझ्याच हातानं फाडलो.

म्हणून पहिलं वाक्य ते होतं. उघड-बंद करायचं नाही.

समजा ब्राउझर एकदाच उघडलाय आणि समोर रिकामं पान आहे. तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी, तिन्ही एकदम दाबा. बहुतेकांचं काम इथंच होतं. अख्खी खिडकी गेली असेल तर अख्खी खिडकी परत येते. एकदा दाबून एकच टॅब आला तर परत परत दाबा, एकेक मागे जात राहतं. नाही जमलं तर तीन ठिपक्यांत जाऊन हिस्टरी, तिथं नुकतेच बंद केलेले टॅब दिसतात. त्यात 'इतके टॅब' अशी एक ओळ असली तर तीच तुमची हरवलेली खिडकी. फायरफॉक्समध्ये हिस्टरीत रिस्टोअर प्रीव्हियस सेशन असं चक्क लिहिलेलं असतं.

इनकॉग्निटोमधलं, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खाजगी खिडकीतलं, काही परत येत नाही. त्याला इलाज नाही, पुढं चला.

[स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू]

आता खरी मजा. ब्राउझर बंद आहे आणि तुम्ही शहाण्यासारखं तो उघडला नाही. फाईल कुठं असते? विंडोज आणि आर दाबा, छोटी चौकट येईल. त्यात टक्क्याची खूण, लोकल अ‍ॅप डेटा सलग, परत टक्क्याची खूण. स्क्रीनवर दिसतंय तसंच टाईप करा, मध्ये जागा सोडू नका. एंटर. आत गूगल, त्यात क्रोम, त्यात युजर डेटा, त्यात डिफॉल्ट, आणि त्यात सेशन्स नावाचं फोल्डर. एकापेक्षा जास्त प्रोफाईल वापरत असाल तर डिफॉल्टच्या जागी प्रोफाईल १, प्रोफाईल २ असं असेल. आपलं कुठलं ते कळत नसेल तर प्रत्येक प्रोफाईलचं सेशन्स उघडून तारखा बघा. ज्यात कालची तारीख आहे ते तुमचं. एज आणि ब्रेव्ह ही क्रोमचीच भावंडं, त्यांच्यातही असंच फोल्डर असतं, फक्त वरची नावं बदलतात.

ते अख्खं सेशन्स फोल्डर कॉपी करून डेस्कटॉपवर टाका. कट नाही, कॉपी. हे झालं की निम्मी भीती गेली, आता ब्राउझर काय वाटेल तो धिंगाणा घालू दे.

आत दोन जातीच्या फाईली दिसतील. एकीच्या नावात सेशन, दुसरीच्या नावात टॅब्स, आणि पुढे १७ आकड्यांची माळ. ती माळ म्हणजे वेळ आहे. १ जानेवारी १६०१ पासून किती मायक्रोसेकंद झाले ते. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे हे घड्याळ त्याच्याही आधीपासून चालू आहे. १६०१ च का, तर विंडोजची वेळ मोजायची पद्धत तिथून सुरू होते. तुम्हाला हिशेब करायला नको. मोठा आकडा ती नवी फाईल, लहान आकडा ती जुनी. जुनी असून साईझनं जाडजूड असेल तर खुशाल समजा, टॅब त्यातच आहेत.

या फाईलचं करायचं काय, ते एका पोरीच्या लॅपटॉपवरून दाखवतो. माझं वाटोळं झाल्यावर तीन आठवड्यांनी आली. खानापूर तालुक्यातली, बी.एड. करते. मलप्रभा नदीवर पाठ बसवायचा होता. कणकुंबीला उगम, पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते, सगळं. मराठीत एक पाठ, कन्नडमध्ये एक पाठ, त्यामुळे दोन्ही भाषांतली पानं उघडून ठेवलेली, सत्तरच्या आसपास टॅब. लॅपटॉप जुना, चार जीबीचा. कंट्रोल शिफ्ट टी दाबलं तसे सगळे टॅब एकदम उठले आणि लॅपटॉप गारठला. मग जबरदस्तीनं बंद. तिनं हे एकदाच केलं आणि घाबरून झाकण लावून बस धरली. म्हटलं, बाई, तू वाचलीस.

फोल्डर कॉपी केलं. कॉपीतली जाड फाईल उचलून नोटपॅडमध्ये टाकली. घाबरू नका, हे असं दिसणारच. चौकोन, प्रश्नचिन्हं, कुठल्या देशाची अक्षरं काय की. पानांची मराठी नावं ओळखू येत नाहीत, त्यांचा पार चोथा झालेला असतो. खरं पत्ते बघा, पत्ते शाबूत आहेत. कंट्रोल एफ दाबून एचटीटीपीएस शोधा, एकेक पत्ता सापडत जातो.

आणि आता ही गंमत. इकडे आणतो, मोठं करतो.

[झूम: नोटपॅडमधली एक ओळ]

विकिपीडियाचा पत्ता आहे, पुढे टक्के आणि आकडे नुसते. ब्राउझर देवनागरी किंवा कन्नड अक्षरं पत्त्यात तशीच ठेवत नाही, त्यांचे कोड करून ठेवतो. नीट बघितलं तर देवनागरीचं प्रत्येक अक्षर 'टक्का ई शून्य टक्का ए चार' किंवा 'ए पाच' असं सुरू होतं. आणि कन्नडचं 'टक्का ई शून्य टक्का बी दोन' किंवा 'बी तीन'. म्हणजे पान न उघडता कळतं, हा मराठीतला पत्ता, हा कन्नडमधला. त्या पोरीनं पाच मिनिटांत दोन याद्या केल्या. ए चारवाले इकडे, बी दोनवाले तिकडे. मी वीस वर्षं दोन्ही भाषांच्या अर्जांत बुडालोय, खरं मशीनच्या पोटात पण सीमाभाग असतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग पत्ते एका साध्या फाईलमध्ये काढून पाच-पाचच उघडले. लॅपटॉप गारठला नाही.

फायरफॉक्सवाल्यांचं नशीब आमच्यापेक्षा चांगलं. त्यांच्या प्रोफाईल फोल्डरमध्ये सेशनस्टोअर बॅकअप्स नावाचं वेगळं फोल्डरच असतं. त्यात रिकव्हरी, तिची एक जादा प्रत, प्रीव्हियस म्हणजे मागच्या वेळचं, आणि अपग्रेड नावाच्या एक-दोन फाईली. ती अपग्रेड फाईल सोन्याची. ब्राउझर नव्या आवृत्तीवर गेला त्या वेळचे टॅब त्यात गोठलेले असतात, आठवड्यांपूर्वीचेही मिळू शकतात. फायरफॉक्स पूर्ण बंद करा, हवी ती फाईल बाहेरच्या मुख्य प्रोफाईल फोल्डरमध्ये कॉपी करा, तिथं सेशनस्टोअर नावाची जी फाईल आहे तिचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि हिला ते नाव द्या. शेपूट तेच राहू दे, जेसनएलझेडफोर. मग उघडा. या फाईली दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे नोटपॅडमध्ये धड वाचता येत नाहीत. तो खेळ फक्त क्रोमचा.

टॅब साठवणारी एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांना एकच सांगणं. एक्स्टेंशन बिघडलं म्हणून काढून परत टाकू नका. काढलं की त्याचा साठा पण ब्राउझर पुसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रेट सस्पेंडर नावाचं, न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारं एक्स्टेंशन गूगलनं धोकादायक म्हणून बंद केलं, तेव्हा कितीतरी लोकांचे झोपवलेले टॅब एका झटक्यात गेल्यासारखे दिसले. खरं हिस्टरीत त्या टॅबचे लांबलचक पत्ते होते आणि प्रत्येकाच्या शेपटीला यूआरआय आणि बरोबरची खूण (uri=) असं लिहून पुढे खरा पत्ता जोडलेला होता. ज्यांनी शेपूट वाचली त्यांचे टॅब परत मिळाले.

मोबाईलचं फार सांगत नाही. अँड्रॉइडवर क्रोममध्ये २१ दिवस हात न लावलेले टॅब 'इनअ‍ॅक्टिव्ह'मध्ये सरकवले जातात, ते हरवलेले नसतात. आणि शंभर टॅब झाले की आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो. माझ्या बायकोच्या फोनवर तो कायम हसतच असतो.

आता माझ्या ६२ टॅबचं काय झालं? फाईली गेल्या होत्या. उरली हिस्टरी. क्रोम ९० दिवसांची हिस्टरी ठेवतो. त्या दिवसाची तारीख काढून बसलो आणि चाळीसेक पत्ते वेचले. सरकारी पोर्टलची पानं मात्र परत येऊनही उपयोग नव्हता. पत्ता तोच, खरं लॉगिन संपलेलं आणि अर्धा भरलेला अर्ज गायब. रुमाल मिळाला, बस गेली. दोन स्कॉलरशिपचे अर्ज पहिल्यापासून भरून दिलो, आणि त्या दोन घरांकडून पैसे घेतलो नाही.

त्यानंतर मी तीन गोष्टी केलो. सेटिंगमध्ये ऑन स्टार्टअप आहे, तिथं 'जिथं सोडलं तिथून पुढे' हा पर्याय लावलो. रोज दुकान बंद करताना कंट्रोल शिफ्ट डी दाबतो, उघडे सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये जातात, फोल्डरला त्या दिवसाची तारीख देतो. आणि इन्व्हर्टरची बॅटरी बदललो. सगळ्यात महाग तीच पडली.

परवा परत लाईट गेली, आली. भाचा खुर्चीवर, मी आत चहा ओतालतो. बाहेरून हाक आली, "मामा, हे परत काय तर विचारालंय. क्रॉस करू काय?"